डाव्या अंगाचं माणूस

रत्नागिरीजवळच्या निवळी तिठ्यावर त्या सकाळी मी एका ट्रेलरच्या डाव्या अंगाला उभा होतो. जयगडकडून येणारा रस्ता तिथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. डावीकडे गेलं की बावनदी, संगमेश्वर करत मुंबई, उजवीकडे हातखंबा. महामार्गाचं काम सुरू झाल्यापासून त्या तिठ्याचं रूप इतक्यांदा पालटलंय, की गाडी कुठून शिरेल नि कुठून बाहेर पडेल याचा नेम राहिलेला नाही. ट्रेलर थांबलेला. त्याच्या नि रस्त्याच्या कडेच्या मधे सायकल मावेल एवढी जागा. तिथे जाऊन एक पाय टेकून उभं राहायचं, हे सायकलवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज झाला, ट्रेलरचं तोंड आधी उजवीकडे गेलं. मला वाटलं, हा हातखंब्याला चालला. तेवढ्यात ते सगळं धूड डावीकडे वळायला लागलं. पुढची चाकं माझ्यापासून चांगली लांब होती. मागची मात्र सरळ माझ्याकडे येत होती. मी सायकलसकट गटारात गेलो. पोटरीला पायडलचं टोक लागलं, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. टपरीवरच्या माणसांनी आरडाओरडा केला म्हणून ट्रेलर थोडा पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून आला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, बोलण्यावरून घाटावरचा. "लागलं न्हाई न्हवं पाव्हणं?" म्हणाला. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "दिसलाच न्हाईसा की वो तुमी."

चाक विसरलो मी. हे वाक्य काही केल्या जाईना.

कारण माझ्या अंगात पोपटी रंगाचं जाकीट होतं. ते घालून निघालो की वाडीतली पोरं "पोलीस आला, पोलीस आला" करून ओरडतात. सकाळचं लख्ख ऊन होतं, धुकं नाही, पाऊस नाही. आणि तरी तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. त्यात सारवासारव नव्हती, अरेरावीही नव्हती. उलट त्यालाच नवल वाटत होतं, एवढा पोपटी माणूस आपल्याला कसा दिसला नाही याचं. टपरीवाल्याने पाणी दिलं, ड्रायव्हरने माझ्या सायकलचं वाकडं झालेलं हँडल पुढचं चाक गुडघ्यांत धरून सरळ करून दिलं, आणि तो मुंबईच्या रस्त्याला लागला. मी ऑफिसला गेलो. दिवसभर व्हाउचरांवर सह्या करताना तेच. दिसलो नाही म्हणजे काय?

आमच्याकडे सायकल शिकवताना पहिला धडा एकच असतो. कडेने चालव. मला तो अण्णाकाकांनी दिला. अण्णाकाका पोस्टमन होते. चोवीस इंची काळी सायकल, मागच्या मडगार्डाच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा पट्टा, मागच्या चाकाला घासून चालणारा डायनॅमो. या डायनॅमोची एक गंमत असायची. उतारावर दिवा भगभगीत पेटायचा आणि चढाला, जिथे माणूस दमून वेडावाकडा जातो, तिथे तो मलूल होत होत विझायच्या बेताला यायचा. थांबलं की अंधारच. म्हणजे ज्या क्षणी मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसायला हवं, नेमकं तेव्हाच उजेड नाही. अण्णाकाका त्यामुळे मोठी गाडी आली की सायकलवरून उतरायचे. नुसते कडेला व्हायचे असं नाही, चक्क उतरायचे. गाडीचा आवाज लांबून आला की पुढे कुठे पाणंद फुटते, कुठे मोरीचा कठडा संपतो, कुणाचं बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, उघडं आहे हे बघायचे, तिथवर जाऊन खाली उतरायचे, सायकल अंगाशी घ्यायचे आणि उजवा हात वर करायचे. वस्तीच्या एसटीचा ड्रायव्हर आतून हात करायचा. मला लहानपणी याची थोडी लाज वाटायची. आपला काका सरकारी माणूस, खाकी कपड्यातला, आणि एसटीला मुजरा केल्यासारखा उभा काय राहतो! मोठेपणी मी गिअरची सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, आणि उतरायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. कडेने मात्र चालवत राहिलो.

आता ही कड म्हणजे काय असते, ते सायकलवाल्यालाच ठाऊक. गाडीत बसलेल्याला रस्ता या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत दिसतो. सायकलवाल्याला दिसते ती डांबराची शेवटची वीत. तिथे डांबर झिरमिळ्या झाल्यासारखं तुटलेलं असतं. नव्या डांबरीकरणाने रस्ता वर येतो नि साइडपट्टी खालीच राहते, त्यामुळे मधे चांगली चार बोटं उंचीची पायरी तयार होते. चाक त्या पायरीवरून एकदा खाली गेलं की वर घ्यायला जाऊ नये. पुढचं चाक त्या धारेला घासतं आणि सायकल आडवी होते, तीही रस्त्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे मागून येणाऱ्याच्या पुढ्यात. चिरेखाणीच्या फाट्यांवर जांभ्याचा बारीक चुरा. वळणावर ट्रक कलला की फळीच्या फटींतून तो सांडतो आणि उन्हाळ्यात रस्त्यावर मोहरी पसरल्यासारखा पसरतो. ब्रेक दाबला की चाक आपलं राहत नाही. पहिल्या पावसात त्याचा लाल चिखल होतो. मिरकरवाड्याकडून मासळीचे टेंपो जातात, त्यांचं वितळलेल्या बर्फाचं पाणी कडेला ओघळत राहतं. त्या पाण्याच्या नुसत्या वासाने लोक नाक दाबतात, आम्ही ब्रेकवरची बोटं सैल करतो. शिवाय काजूची पानं, शेणी, निवांत बसलेली कुत्री, माडाची झावळी. एवढ्या सगळ्यांतून वाट काढत सायकलवाला मिनिटा-मिनिटाला जरासा आत येतो, जरासा बाहेर जातो. मागच्या ड्रायव्हरला ते बघून वाटतं, या माणसाचा काही भरवसा नाही.

दिसण्याचं कोडं मात्र सुटलं ते पुढे, एका चिऱ्याच्या ट्रकमध्ये बसल्यावर. जाकादेवीच्या अलीकडे माझा मागचा टायर बाजूने फाटला. पंक्चर नव्हे, फाटलाच. सायकल ढकलत निघालो होतो तर एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, पण बोली आमचीच. "हातखंब्यापर्यंत हाय मी. टाका ती वर चिऱ्यांवर." सायकल चिऱ्यांवर आडवी टाकली, काथ्याने बांधली, आणि मी डाव्या दाराने वर चढलो. चढलो म्हणजे जवळजवळ शिडीच ती. आत इंजिनाची धग, समोर गणपतीच्या फोटोला प्लास्टिकचा हार, पायाशी पाण्याचा कॅन नि जॅक. वर बसल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राजेपण. केवढं तरी लांबवर दिसतं! पुढचं वळण, त्याच्या पलीकडचा उतार, गडग्याआडच्या बागा, बागेत खाली बसलेला गडी. ही एवढी उंच जागा, इथून काय दिसणार नाही?

शाळेची वेळ होती. पुढे मुलींची सायकलींची रांग लागली, निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या पाच-सहा जणी, एकीमागून एक, अगदी शिकवल्याप्रमाणे कडेने. ट्रकने हॉर्न दिला, वेग कमी केला आणि त्यांच्या शेजारून जायला लागला. काचेतून मला शेवटच्या मुलीचं दप्तर दिसलं, मग तिच्या वेणीची रिबिन, मग काही नाही. पुढच्या काचेत दिसणाऱ्या दोघी-तिघीही एक एक करून खाली, ट्रकच्या तोंडाखाली बुडाल्या. मी ड्रायव्हरच्या बाजूने वाकून डावीकडचा आरसा बघितला. त्यात ट्रकच्या फळ्या होत्या, मागचा रस्ता होता, थोडं आकाश होतं. मुली नव्हत्या.

"आता कुठे आहेत त्या?" मी विचारलं.

"मला काय म्हायती? तिकडं तुमी बसलाव, तुमीच सांगा."

मी खिडकीतून अर्धा बाहेर झालो. त्या बरोबर माझ्या खाली होत्या. हात लांब केला असता तर पहिलीच्या डोक्याला लागला असता. वर बघून त्यातली एक हसली. मी ओरडलो, "आहेत, आहेत, सरळ ठेवा." मग, "गेल्या. घ्या आता." ड्रायव्हरने ट्रक डावीकडे घेतला आणि म्हणाला, "जमला तुम्हांला. येताव काय क्लीनर म्हणून?"

तो हसत होता, पण मला त्या क्षणी सगळं लख्ख समजलं. मी बसलो होतो ती जागाच मुळी क्लीनरची. ट्रक म्हटला की ड्रायव्हर नि क्लीनर अशी जोडी असायची. क्लीनर म्हणजे चौदा-पंधराचं पोरगं, दाराच्या काचेतून कमरेपर्यंत बाहेर, एका हाताने दाराचा पत्रा बडवत. दोनदा बडवलं की चला, सपासप बडवलं की थांबा. "डावीकडं हाय, डावीकडं हाय!", "येऊं द्या, येऊं द्या, बास!" त्याला शिव्या, मार, तुटपुंजा पगार, ते बालपण कुणाच्या वाट्याला येऊ नये हे खरंच. पण ड्रायव्हरला उजवीकडे बसून जे दिसत नाही ते बघणारे ते डोळे होते. एसटीत अजून कंडक्टर आहे, निदान गाडी मागे घेताना तो खाली उतरून शिट्टी मारतो. ट्रकांत मात्र क्लीनर दिसेनासा झालाय. "दोगांचा पगार काय काडायचा भाड्यातून?" ड्रायव्हर म्हणाला. डावीकडच्या सीटवर आता जेवणाचा डबा असतो.

लंडनमध्ये याच डाव्या बाजूवर बरंच काम झालंय. तिथेही वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, ड्रायव्हर उजवीकडे, आणि डावीकडे वळणाऱ्या ट्रकखाली सायकलवाले चिरडले जायचे. मग त्यांनी बारा टनांवरच्या ट्रकांना दर्जा द्यायला सुरुवात केली. केबिनमधून काचेतून थेट किती दिसतं, त्यावर शून्य ते पाच तारे. मार्च २०२१ पासून परवान्याशिवाय असा ट्रक शहरात आला तर दंड. ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे हवेत, नसतील तर कॅमेरे नि सेन्सर लावून घ्या. वळताना ट्रक स्वतःच बोलतो, सावधान, गाडी डावीकडे वळते आहे. म्हणजे आमचा क्लीनर जे शिव्यांसकट सांगायचा, ते तिथे यंत्र सभ्य भाषेत सांगतं. मला त्यांचं आणखी एक आवडतं. तिथे पोलीस सायकलवाल्यांना उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवतात आणि खाली दुसरा सायकलवाला कुठे कुठे नाहीसा होतो ते दाखवतात. हॉलंडमध्ये तर ट्रकच शाळेत नेतात. पोरं एक एक करून वर चढतात, आणि आपला अख्खा वर्ग ट्रकच्या शेजारी उभा असून दिसत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतात.

माझी चालवण्याची पद्धत त्या दिवसापासून बदलली. उभ्या ट्रकच्या डावीकडे शिरणं बंद. जागा असली तरी नाही, ऊन असलं तरी नाही. मागे थांबायचं, आणि तेही त्याचा आरसा मला दिसेल असं. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला तर त्यालाही माझा दिसण्याची शक्यता आहे. चेहरा दिसत नसेल तर मी त्याच्या लेखी नाहीच. लांब गाडी डावीकडे वळायच्या आधी तोंड उजवीकडे काढते, कारण तिची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग न जाता आतून कापत जातात. म्हणून ट्रेलर उजवीकडे सरकला की आपल्याला जागा झाली असं समजायचं नाही. आणि डावा इंडिकेटर! आपल्याकडचा ट्रकवाला डावा इंडिकेटर दोन कामांसाठी लावतो. एक, मी डावीकडे वळतोय. दोन, मी बाजू देतोय, तू पुढे जा. चिरेखाणीच्या फाट्याजवळ यातलं कुठलं खरं, हे चाक वळेपर्यंत कळत नाही.

पण सगळ्यांत अवघड गेलं ते कड सोडणं. महामार्गाव्यतिरिक्त आमचे बरेच रस्ते एकेरी, पावणेचार मीटरचे. ट्रकची रुंदी दोन मीटर साठ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. उरला सव्वा मीटरही नाही. त्यात माझं हँडलच साठ सेंटिमीटर. जर्मनीत सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचा कायदा आहे. आमच्या रस्त्यावर ट्रकने दीड मीटर सोडायचं म्हटलं तर त्याची उजवीकडची चाकं कुणाच्या तरी परसात जातील. तर एकेरी रस्त्यावर चालता ट्रक नि चालती सायकल शेजारून जाऊच शकत नाहीत, हे साधं गणित आहे. दोघांपैकी एकाने थांबायला हवं. मी कड धरून चालतो तेव्हा मागच्याला सांगत असतो, ये, मावशील तू. तो मावत नाही. मी रस्त्याच्या मधून चालतो तेव्हा त्याला कळतं की थांबावं लागणार. मग पाणंद आली की मी हात दाखवून बाजूला होतो, उतरतो, तो जातो. हे ज्या दिवशी नीट जुळून आलं, त्या दिवशी मला खाकी कपड्यातले अण्णाकाका आठवले. त्यांनी जागा आधी हेरलेली असायची, हात वर केलेला असायचा, आणि एसटीच्या ड्रायव्हरला पन्नास पावलं आधी कळलेलं असायचं की हा माणूस आता काय करणार. मी त्याला मुजरा समजत होतो.

दुपदरी रस्त्यावर गोष्ट वेगळी. तिथे उतरायची गरज नाही, पण डांबराची कड सोडून मीटरभर आत चालवायचं, सरळ रेषेत. म्हणजे ट्रकला ओलांडायचं असेल तर तो समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबतो आणि मग पुरता पलीकडे जाऊन जातो. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की अंगावर काटा येतो, कारण पाठीशी इंजिन गुरगुरत असतं आणि पूर्वजांचे सगळे आवाज कानात सांगत असतात, कडेला हो. शिवाय आपण वाट अडवून बसलोय ही लाज. कोकणी माणूस कोर्टात वितीभर जागेसाठी पिढ्यान्पिढ्या भांडेल, पण रस्त्यावर समोरून कुणी आलं तर गडग्याला चिकटून उभा राहील. एकदा एका टेंपोवाल्याने काच खाली करून विचारलं, "रस्ता काय बापाचा काय रे?" आमच्या वाडीच्या रस्त्याला आजोबांची दीड गुंठा जागा गेलीय, तीही मोबदल्याशिवाय; तेव्हा उत्तर होतं माझ्याकडे. दिलं नाही. ऑफिसला उशीर होत होता.

भरलेल्या ट्रकशी चढावर भांडू नये हेही मी त्या चिऱ्यांच्या ट्रकमध्येच शिकलो. चढाला लागण्याआधी ड्रायव्हर वेग साठवतो. मधे सायकल आली नि त्याला ब्रेक मारावा लागला, की गिअर उतरत उतरत पहिल्यावर येतो आणि मग तो ट्रक वरपर्यंत रडत जातो. त्याच्या शिव्यांचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. म्हणून चढाच्या पायथ्याशीच मी बाजूला होतो, पाणी पितो, त्याला जाऊ देतो. तो जाताना बारीकसा हॉर्न देतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाड्यांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली, ते शहरांच्या कानांसाठी बरंच झालं. पण घाटातल्या वळणावरचा एक हॉर्न म्हणजे कटकट नव्हे, चौकशी असते. उतारावर उलटं. तिथे सायकल ट्रकपेक्षा जोरात पळते आणि ओलांडायचा मोह होतो. ब्रेकचे लायनर तापल्याचा वास आला की समजावं, पुढचा माणूस ब्रेकवर उभा आहे. त्याच्या पुढे जाऊन आपली पाठ त्याच्या ब्रेकांच्या भरवशावर टाकण्यापेक्षा मागे राहून वास घेतलेला परवडतो.

वाऱ्याचंही असंच. ट्रेलर शेजारून जाताना हवा आधी बाहेर ढकलते, मग शेपूट निघून जाताना आत ओढते. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. ढकललं म्हणून जो हँडल घट्ट धरून आत दाबतो, त्याला नंतरचा ओढा थेट मागच्या चाकांकडे नेतो. हात सैल ठेवायचे. आणि एक ट्रक गेला म्हणून लगेच आत यायचं नाही. त्याच्या पाठीला चिकटून दुसरा असतो, त्याला आपण आतापर्यंत दिसलेलो नसतो. पावसात यातलं काही चालत नाही. रेनकोटाच्या टोपीमुळे मान वळत नाही, पत्र्यावर पडावा तसा पाऊस टोपीवर पडत असतो त्यामुळे हॉर्न ऐकू येत नाही, आणि ट्रक गेला की त्याच्या चाकांनी उडवलेला लाल पाण्याचा पडदा डोळ्यांवर येतो. आषाढात मी सायकल पडवीत टांगतो आणि एसटीने जातो. मला ते परवडतं.

सगळ्यांना नाही परवडत, आणि इथे माझी गाडी अडते. मी पोपटी जाकीटवाला, हँडलला आरसा लावलेला, रविवारी आरे-वारेच्या वळणांवरून समुद्र बघत फिरणारा माणूस. मी रस्त्याच्या मधे आलो तर ड्रायव्हर फार तर शिवी देईल. त्या शाळेच्या मुलींनी मधे यायचं? संध्याकाळी आंब्याच्या बागेतून वाडीवर किराणा न्यायला येणारे नेपाळी गडी, ज्यांच्या सायकलला ना दिवा ना घंटी, त्यांनी? अंधारात पायडलला किंवा घोट्याला चमकणारी पट्टी असेल तर ती वर-खाली होताना लांबूनच कळतं की सायकल आहे. पाठीवरच्या स्थिर पट्टीपेक्षा ती लवकर ओळखू येते. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू. पण ती कुणी कुणाला द्यायची, याचं उत्तर रस्ता बांधणाऱ्याच्या अंदाजपत्रकात नसतं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. आणि समोरून दुसऱ्या गाडीला ओलांडत आपल्या अंगावर येणारा जो असतो, त्याच्यापुढे माझं हे सगळं शहाणपण कुचकामी आहे. त्याला आपण चांगले दिसत असतो. सायकलसाठी थांबायचं असतं हेच त्याच्या हिशेबात नसतं. तिथे गटार बरं.

रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं काम पुढे सरकतंय, खाड्यांवर पूल होऊ घातलेत. पूल झाले की फेरीबोटीची वाट बघणं संपेल. मला त्याचा आनंद आहे. आजारी माणसाला घेऊन फेरीच्या धक्क्यावर ताटकळलेल्या कुणालाही असेल. पण आज फेरीमुळे जी मोठी वाहनं या रस्त्याला येत नाहीत ती उद्या येतील, आणि समुद्रकाठच्या ज्या गावांत आजवर सगळ्यांत मोठी गाडी म्हणजे एसटी, तिथली पोरंही कडेनेच सायकल चालवत असतील.

म्हणून मी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटलं, मला मुलींशी अर्धा तास बोलायचंय, पण फळ्यावर नको, मला मैदानात एक ट्रक हवा. प्रत्येकीला वर बसवायचं नि बाकीच्यांनी डावीकडे सायकली घेऊन उभं राहायचं. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ट्रक कुठून आणणार, परवानगी कुणाची घेणार, कुणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण, पालक काय म्हणतील. सगळं रास्त होतं. चहा आला. चहा पिता पिता त्यांनाच आठवलं की शाळेच्या कंपाउंडचं काम मंजूर झालंय, आणि दिवाळीची सुट्टी संपली की चिरे येणार आहेत. म्हणजे ट्रक येणारच आहे, न बोलावता. मी हातखंब्याला जाऊन त्या ड्रायव्हरला विचारून आलो. तो म्हणाला, भाडं नको, पण पोरींना सांगा, हॉर्न एकेकदाच वाजवायचा. मुख्याध्यापकांची अट वेगळी आहे. चिरे आधी फाटकाबाहेर उतरवायचे नि ट्रक रिकामा करूनच आत घ्यायचा. खो-खोचं मैदान त्यांनी पाणी मारून, चोपून नुकतंच तयार करून घेतलंय.